पट्टा सरकला, पण रेणू बसला कुठे?

एखादा रेणू डीएनएला चिकटतो हे दाखवायला एक दुपार पुरते. तो नेमका कुठे आणि कसा बसतो हे छातीठोकपणे सांगायला मला दोन वर्षं लागली. माझा रेणू होता टीएमपायपी-४: मध्ये पोर्फिरिनचं सपाट कडं, म्हणजे रक्तातल्या हीमचाच सांगाडा, आणि चार टोकांना चार धनभार. पाण्यात विरघळतो, आणि ऋणभारित डीएनए दिसला की धावतो. या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहून ठेवतो.

१. आधी क्युव्हेटकडे बघा.
माझ्या पहिल्या आठवड्यात रीडिंग दर दहा मिनिटांनी उतरत होतं. रेणू मोडतोय असं समजून मी तीन वेळा नवं द्रावण केलं. शेवटी क्युव्हेट रिकामं केलं, दोनदा विसळलं, त्यात नुसता बफर भरला आणि स्कॅन घेतला. ४२२ नॅनोमीटरला छोटासा उंचवटा दिसला. रेणू मोडला नव्हता, काचेला चिकटून बसला होता. काचेच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो आणि द्रावण मायक्रोमोलर, त्यामुळे एवढी गळतीही पुरे होते. या पट्ट्यात काम असेल तर प्लास्टिकचं क्युव्हेट चालतं. डीएनए मोजायला, म्हणजे २६० नॅनोमीटरला, मात्र क्वार्ट्झच हवं.

२. डीएनएला रात्र द्या.
वासराच्या थायमसचा डीएनए बाटलीत कापसाच्या धाग्यांसारखा दिसतो. बफरमध्ये टाकून तो फ्रिजमध्ये ४ अंशांवर रात्रभर ठेवा. जोरात घुसळू नका, लांब साखळ्या तुटतात. आणि वहीत हे ठळक लिहा: सांद्रता बेसजोडीमागे मोजली की फॉस्फेटमागे? ६६०० हा शोषण-गुणांक एका फॉस्फेटमागचा, १३,२०० जोडीमागचा. हे न लिहिलेल्या वहीतले आकडे पुढे कुणाशीच ताडून बघता येत नाहीत.

३. ‘बांधला जातो’ हे उत्तर नव्हे.
सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा. १९७९ मध्ये रॉबर्ट फील आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एवढा रुंद रेणूसुद्धा बेसजोड्यांच्या मध्ये शिरू शकतो. दोन जोड्यांतलं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम. मध्ये पाहुणा शिरला की ते जवळपास दुप्पट होतं, साखळी लांबते, द्रावण घट्ट वाहू लागतं. मग १९८३ मध्ये पास्टरनॅक, गिब्ज आणि व्हिलाफ्रांका यांनी खरी गुंतागुंत समोर आणली. हाच रेणू जी-सी भागात आत शिरतो आणि ए-टी भागात बाहेर, खाचेच्या कडेला राहतो. कड्याच्या मध्यभागी तांबं किंवा निकेल असेल तरी तो शिरतो, कारण रेणू सपाट राहू शकतो. जस्त, मँगनीज, लोह किंवा कोबाल्ट असेल तर धातूवर पाण्याचे रेणू उभे राहतात आणि वाट अडते.

मोठा सोरे पट्टा, म्हणजे तो ४२२ नॅनोमीटरचा उंचवटा, तांबड्याकडे पंधरा-वीस नॅनोमीटर सरकला आणि उंची पस्तीस-चाळीस टक्के घटली, तर रेणू आत शिरला असावा. सात-आठच सरकला आणि उंची फारशी हलली नाही, तर तो बाहेर. पण ‘असावा’ हा शब्द सोडू नका. वासराच्या डीएनएत दोन्ही प्रकारच्या जागा असतात आणि तुम्हाला दिसते ती सरासरी. म्हणून सीडी, म्हणजे सर्क्युलर डायक्रोइझमचा स्कॅन, घ्या. पोर्फिरिनला स्वतःचा सीडी संकेत नसतो. डीएनएजवळ जाताच सोरेच्या जागी ऋण संकेत उमटला तर रेणू आत, धन उमटला तर बाहेर. एकाच डीएनएवर दोन्ही संकेत शेजारी शेजारी उमटलेले पाहिले, त्या संध्याकाळी मला माझा प्रश्न पहिल्यांदा नीट कळला. त्यानंतर निव्वळ जी-सी आणि निव्वळ ए-टी साखळ्यांवर वेगवेगळं टायट्रेशन केल्याशिवाय मी एक ओळही लिहिली नाही.

४. मीठ मोजा.
सोडियमचे आयन डीएनएभोवती गर्दी करतात आणि धनभारित पोर्फिरिनची पकड सैल करतात. बफरमधलं मीठ न सांगता दिलेला बंधन-स्थिरांक निरुपयोगी आहे.

५. फॉइल गुंडाळा.
उजेडात हा रेणू ऑक्सिजनला सिंगलेट अवस्थेत नेतो आणि तो ऑक्सिजन डीएनएला इजा करतो. प्रकाशाने कर्करोगावर केल्या जाणाऱ्या उपचारात पोर्फिरिनचा हाच गुण कामी येतो. तुमच्या टेबलावर मात्र बंधनाचा प्रयोग नकळत तोडण्याचा प्रयोग होऊन बसतो.

६. चित्र बघितल्यावरही थांबा.
१९९६ मध्ये लॉरेन विल्यम्स यांच्या गटाने सहा बेसांच्या डीएनएसोबत तांब्याच्या टीएमपायपी-४ची स्फटिकरचना दिली. पोर्फिरिन अर्धवटच आत होता आणि एक सायटोसिन चक्क साखळीबाहेर फेकला गेला होता. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात असं काही नसतं. पुढे १९९८ मध्ये हा रेणू टेलोमरेझ, म्हणजे गुणसूत्रांची टोकं वाढवणारं विकर, रोखतो असं दिसलं आणि सगळ्यांचं लक्ष गुणसूत्रांच्या टोकांकडच्या चौपदरी डीएनएकडे वळलं. रेणू त्यातल्या ग्वानिनांच्या चौकोनावर जाऊन बसत असेल, असं चित्र रूढ झालं. २००७ मध्ये मानवी टोकाच्या क्रमाची स्फटिकरचना आली तेव्हा तो चौकोनाला थेट टेकलेलाच नव्हता, बाहेरच्या टीटीए वळणांतल्या बेसांवर होता. शिवाय साध्या दुपदरी डीएनएलाही तो घट्ट धरतो. त्यामुळे ‘फक्त चौपदरी डीएनएला धरणारा’ असं टीएमपायपी-४बद्दल लिहिणं चूक आहे, आणि अजूनही प्रबंधांत ते लिहिलं जातं याचं मला वाईट वाटतं.

तुमचा प्रबंध देण्याआधी पद्धतीचं पान पुन्हा एकदा उघडा. कड्यातला धातू, बफरमधलं मीठ, डीएनएचा क्रम, जोडी की फॉस्फेट, आणि क्युव्हेट कशाचं होतं, एवढं त्यात लिहाच.