सहा ठिपके

(वर्गात सगळी मुले एकाच रीतीने शिकत नाहीत. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, तर कोणी हाताने चाचपून. शिकवण्याची रीत थोडी बदलली, तर शिक्षणाची वाट सर्वांना मोकळी होते. हे कसे घडते, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थ्यांनो, तुम्ही रोज दोन दिशांनी लिहिता. उर्दूचा तास असला, की तुमचा हात उजवीकडून डावीकडे चालतो. मराठीचा तास सुरू झाला, की तोच हात डावीकडून उजवीकडे चालू लागतो. सुरुवातीला हे अवघड वाटले असेल. आता सवय झाली आहे.

पण एक लिपी अशी आहे, की ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि डावीकडून उजवीकडे वाचतात! ही लिपी डोळ्यांनी वाचत नाहीत, बोटांनी वाचतात. तिचे नाव ब्रेल लिपी.

ब्रेल लिहिण्यासाठी एक खास पाटी असते. तिच्यात जाड कागद बसवतात. टोकदार टोचणीने त्या कागदावर ठिपके टोचतात. टोचलेला ठिपका कागदाच्या दुसऱ्या बाजूला उठून येतो. म्हणून लिहिताना उजवीकडून सुरुवात करायची आणि मग कागद उलटून डावीकडून वाचायचे. लिहिताना उर्दूची दिशा, वाचताना मराठीची दिशा!

ही लिपी कशी जन्माला आली, ते ऐका. लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या गावी झाला. त्यांचे वडील घोड्यांचे खोगीर आणि लगाम बनवत. लुई तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कारखान्यात खेळत होते. चामड्याला भोके पाडायची आरी त्यांच्या डोळ्याला लागली. जखम चिघळली आणि काही काळाने दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली.

दहाव्या वर्षी लुई पॅरिसच्या अंध शाळेत दाखल झाले. तिथे पुस्तके होती, पण त्यांतील अक्षरे नेहमीचीच होती. फक्त ती मोठी आणि उठावदार केलेली होती. पुस्तके फार जड असत. एकेक अक्षर चाचपून ओळखायला वेळ लागे. शिवाय अशी अक्षरे मुलांना स्वतः लिहिता येत नसत. अक्षरे होती, पण ती डोळस माणसांनी डोळस माणसांच्या सोयीने घडवलेली होती.

त्याच काळात बार्बिए नावाच्या एका फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्याने उठावदार ठिपक्यांची एक लिपी शोधली होती. तिच्यात एका खुणेसाठी बारा ठिपके लागत. बोटाच्या टोकाखाली एवढे ठिपके एकदम मावत नसत. लुईंनी त्यावर विचार केला. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी बारांचे सहा ठिपके केले. सहा ठिपके बोटाच्या टोकाखाली सहज मावतात. या सहा ठिपक्यांपासून त्रेसष्ट वेगवेगळ्या खुणा तयार होतात. १८२९ साली त्यांनी आपल्या लिपीचे पुस्तक प्रसिद्ध केले.

लुई ब्रेल १८५२ साली वारले. त्यांच्याच शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर! चांगली गोष्टसुद्धा पटायला कधी कधी किती वेळ लागतो!

आपल्या देशात पूर्वी निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल लिप्या होत्या. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एक समान पद्धत ठरली. तिला भारती ब्रेल म्हणतात. तिच्यात मराठीचा 'ब' आणि उर्दूची 'बे' यांचे ठिपके सारखेच आहेत. 'म' आणि 'मीम', 'ल' आणि 'लाम' यांचेही तसेच. कागदावर या दोन लिप्या किती वेगळ्या दिसतात! पण बोटांखाली त्या बहिणी-बहिणी आहेत. उर्दू ब्रेलसुद्धा डावीकडून उजवीकडेच वाचतात.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर नावाचे गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ आणि दिव्यांग मुलांसाठी बालगृह चालवले. कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाची बुद्धी सावकाश चालते. अशा शंभराहून अधिक मुलांना त्यांनी आपले नाव दिले आणि ते त्यांचे वडील झाले. २०२४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब जाहीर केला.

याच घरात माला पापळकर वाढली. ती दृष्टिहीन आहे. अगदी तान्ही असताना ती जळगावच्या रेल्वे स्थानकावर सापडली होती. पुढे ती वझ्झरला आली. अमरावतीच्या डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालयात ती शिकली. ब्रेल पुस्तके बोटांनी वाचून आणि ध्वनिमुद्रित पाठ कानांनी ऐकून तिने अभ्यास केला. अमरावतीतच ती पदवीधर झाली. २०२४ साली ती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली आणि लिपिक-टंकलेखक पदासाठी तिची निवड झाली.

मालाची जिद्द मोठीच आहे. पण विचार करा. तिच्या हाती फक्त शाईने छापलेली पुस्तके दिली असती, तर एवढी जिद्द काय कामाची? पुस्तकाचे रूप बदलले, म्हणून जिद्दीला वाट मिळाली. अभ्यास तोच, प्रश्न तेच, फक्त वाट वेगळी.

ही गोष्ट केवळ अंध मुलांची नाही. आपल्या वर्गाकडेच नीट पाहा. कमी ऐकू येणारी मुले बोलणाऱ्याचे ओठ पाहून पुष्कळ काही समजून घेतात. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, तर त्या मुलांचा तास तिथेच थांबतो. शिक्षकांनी वर्गाकडे तोंड करून बोलावे, एवढीच त्यांची गरज असते. ज्यांना मुळीच ऐकू येत नाही, ते हातांच्या खुणांनी बोलतात. ती खूणभाषा ही एक पूर्ण भाषा आहे. तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०१८ साली त्या केंद्राने तीन हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला.

काही मुलांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. नकाशात हे दोनच रंग वापरले, तर ती मुले गोंधळतात. रंगाबरोबर रेघा किंवा ठिपके काढले, की अडचण संपते. काही हुशार मुलांना अक्षरे उलटसुलट झाल्यासारखी वाटतात. ती वाचताना अडखळतात. आपण त्यांना 'ढ' म्हणतो. तोच धडा मोठ्याने वाचून दाखवला, तर ती झटकन उत्तर देतात. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलासाठी शाळेच्या दोन पायऱ्या म्हणजे डोंगर. पायऱ्यांशेजारी उतार बांधला, की डोंगर सपाट होतो.

भाषेचेही असेच आहे. मेळघाटातील अनेक मुले घरी कोरकू बोलतात. शाळेत पहिल्या दिवशी मराठी ऐकून ती बावरतात. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. त्यामुळे अनोळखी भाषा समोर आली, की कसे वाटते, हे तुम्हाला सांगायला नको. कोणी हळू बोलून, चित्र दाखवून, ओळखीचा शब्द सांगून शिकवले, की तीच भाषा सोपी वाटते.

अशी सोय करणे म्हणजे मेहरबानी नव्हे. तो मुलांचा हक्क आहे. आपल्या संसदेने २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. त्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांचाही त्यात समावेश आहे. परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो. गरज असेल तर त्यांचे उत्तर लिहून घेणारा लेखनिक मिळतो. काही जण म्हणतात, "ही तर सवलत झाली!" पण चष्मा लावून परीक्षा देणाऱ्याला आपण असे म्हणतो का?

आता एक काम करून पाहा. एक जाड पुठ्ठा घ्या आणि त्यावर आपल्या वऱ्हाडाचा नकाशा तयार करा. वरच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला, डिंक लावून वाळू पसरा. हा झाला सातपुडा. त्याच्या खाली पूर्वेकडून पश्चिमेकडे सुतळी चिकटवा. ही झाली पूर्णा नदी. उजव्या बाजूला अमरावतीसाठी तुरीचा एक दाणा लावा. सुतळीच्या दक्षिणेला, डावीकडे, अकोल्यासाठी सरकीचा दाणा लावा. नकाशा वाळला, की डोळे मिटा आणि बोटे फिरवा. खरखरीत डोंगर लागेल, मग नदी लागेल, मग गावे लागतील.

हा नकाशा अंध मित्राला उपयोगी पडेलच. पण ज्याला पुस्तकातला नकाशा कधी नीट कळला नाही, त्यालाही तो कळेल. एकासाठी केलेली सोय पुष्कळदा सर्वांच्या उपयोगी पडते. शिक्षक फळ्यावर लिहिता लिहिता मोठ्याने वाचतात, तेव्हा दृष्टी कमी असलेल्या मुलीला मदत होते आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही.

एखाद्याला धडा समजला नाही, तर 'याला येत नाही' असे लगेच म्हणू नका. 'याला कोणत्या वाटेने येईल?' असे विचारा. लुई ब्रेल यांनी हाच प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर अवघ्या सहा ठिपक्यांत सापडले.

शब्दार्थ
उठावदार – पृष्ठभागावर वर आलेले, बोटांना जाणवणारे
आरी – चामड्याला भोके पाडण्याचे टोकदार हत्यार
चाचपणे – हाताने स्पर्श करून पाहणे
तान्ही – अगदी लहान, अंगावर पिणारी
जिद्द – काही करून दाखवण्याचा निश्चय
लेखनिक – दुसऱ्याने सांगितलेले लिहून घेणारा
सरकी – कापसाचे बी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) ब्रेल पाटीवर लिहिताना कोणत्या दिशेने लिहितात?
(२) बार्बिए यांच्या लिपीत कोणती अडचण होती?
(३) भारती ब्रेल पद्धत कोणत्या साली ठरली?
(४) वझ्झर हे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) पॅरिसच्या शाळेतील पुस्तके अंध मुलांना गैरसोयीची का होती?
(२) माला पापळकर हिने अभ्यास कसा केला?
(३) 'सोय करणे म्हणजे मेहरबानी नव्हे' असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
वाट मोकळी होणे, वाट मिळणे, उपयोगी पडणे

प्र. ४. कागद, नकाशा, मदत, हक्क, मेहरबानी हे शब्द उर्दूतही आहेत. ते उर्दू लिपीत लिहा. पाठातील असे आणखी दोन शब्द शोधा.

उपक्रम : पाठात सांगितल्याप्रमाणे स्पर्शाने वाचता येईल असा नकाशा गटाने तयार करा. वर्गातील मित्राला डोळे मिटून तो वाचायला सांगा. त्याला जे ओळखता आले नाही, ते सुधारा.