रक्तावरील खूण

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी पाठ)

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. पोत्यावरील खूण पाहून माल कोणाचा हे ओळखले जाते. खूण नसती, तर आपले पोते कोणते व परके कोणते हे कसे कळले असते? हा प्रश्न विचारून शिक्षकांनी पाठास आरंभ करावा.

आपल्या तांबड्या रक्तपेशींवरही अशा खुणा असतात. त्यांस प्रतिजन म्हणतात. ‘ए’ ही खूण असल्यास रक्तगट ए, ‘बी’ असल्यास बी, दोन्ही असल्यास एबी व दोन्ही नसल्यास ओ होय. रक्तातील हा भेद कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्ना येथे मांडला.

जी खूण आपल्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तद्रवात असतात. ती बालकाच्या शरीरात जन्मानंतर काही महिन्यांनी तयार होऊ लागतात. आतड्यांतील काही जंतूंवर तशाच खुणा असतात. त्यांना तोंड देताना शरीर ही प्रतिपिंडे घडविते, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे रोगापासून रक्षण करणारी शक्तीच परक्या रक्तावर तुटून पडते. मग दिलेल्या पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होतात व प्रसंगी मृत्यूही ओढवतो.

ओ गटाचे रक्त कोणासही चालते, असा समज रूढ आहे. परंतु १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांना ओ रक्तही न जुळणारी माणसे आढळली. ए व बी या खुणा ज्या ‘एच’ नावाच्या मूळ खुणेपासून तयार होतात, तीच त्यांच्या पेशींवर नव्हती. ओ पेशींवर मात्र ती असते. म्हणून ते रक्तही त्यांस परके ठरते. यालाच ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. साध्या तपासणीत हा गट ओ असाच भासतो. म्हणून रक्त देण्यापूर्वी दात्याचे व रोग्याचे रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहणे अगत्याचे आहे. अशा रोग्यास त्याच गटाचे रक्त लागते. सख्ख्या भावंडांत ते मिळण्याचा संभव अधिक.

खूण न पाहता पोते भलत्या गाळ्यावर टाकले, तर ते परत आणता येते. चुकीचे दिलेले रक्त परत घेता येत नाही. तसेच रक्तगट जातीवरून वा धर्मावरून ठरत नाही, हेही विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे.

अभ्यास : बी गटाच्या रोग्यास ए गटाचे रक्त का देऊ नये, ते आपल्या शब्दांत लिहा.