डोळे भरून पाहा

नेरूळ, नवी मुंबई

चि. गार्गी,


रविवारी ‘श्वास’ चित्रपट संपल्यावर तू म्हणालीस, ‘‘मावशी, पुन्हा नाही गं बघवणार.’’ तरी सांगते, पुन्हा बघ.

पहिल्या वेळी आपला जीव परश्यात अडकलेला असतो. कोकणातलं एवढंसं पोर, डोळ्यांचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. पुढे काय, या धास्तीत बाकी काही दिसत नाही. दुसऱ्या वेळी शेवट माहीत असतो, म्हणून नजर मोकळी होते. मग अरुण नलावडे यांचे आजोबा दिसू लागतात. नातवाला सांगायचं तर आहे, पण सांगवत नाही. ते न सांगवणं त्यांच्या चेहऱ्यावर बघ. संदीप कुलकर्णी यांचा डॉक्टर पहिल्यांदा तुला तुटक वाटला ना? पुन्हा बघताना त्याचा आवाज कुठे मऊ होतो, ते ऐक. आणि अमृता सुभाषची आसावरी, रुग्णालयातली समाजसेविका! तू नर्सिंगला गेली आहेस, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष दे. डॉक्टरांचं बोलणं आजोबांपर्यंत पोचवणारं माणूस तीच आहे.

२००४ मध्ये मी हा चित्रपट थिएटरात पाहिला, तेव्हा ‘श्यामची आई’नंतर मराठीला मिळालेल्या सुवर्णकमळाचीच चर्चा होती. संदीप सावंत यांचा तो पहिलाच चित्रपट. गोष्ट डोळ्यांची, मग नाव ‘श्वास’ का, हे मला कितव्यांदा तरी पाहताना उमगलं. तराजूच्या एका पारड्यात दृष्टी आहे आणि दुसऱ्यात श्वास. आजोबांना निवड करावी लागते, ती या दोहोंत.

शस्त्रक्रियेआधी ते नातवाला गुपचूप बाहेर नेतात, ते जग डोळे भरून दाखवायला. आपलंही तसंच आहे बघ. पहिल्यांदा डोळे भरून येतात. डोळे भरून पाहणं त्यानंतरचं. रडू आपोआप येतं, पाहणं शिकावं लागतं.

आपल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ‘ॲक्ट्रेक’ हे कॅन्सर-उपचार केंद्र आहे. हार्बरच्या गाडीत फाइल छातीशी धरलेलं एखादं म्हातारं माणूस आणि त्याच्या मांडीवर पेंगणारं मूल तुला कधीतरी दिसेल. त्यांना सरकून जागा दे. काही विचारलं, तर थांबून, समजेल अशा शब्दांत सांग.

तुझी,
मावशी