कौशल्यांची यादी लांबवण्याआधी

सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळलेल्या माणसाला घरचे नियम म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. तळमजल्याच्या खिडकीवर चेंडू गेला की आउट, गेटबाहेर गेला तर मारणाऱ्यानेच आणायचा. यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी फुटलेल्या काचेतून आलेला असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) आणि त्या जातीच्या, पात्र होऊन खेळायच्या खेळांत मात्र काच फुटायच्या आत नियम हजर असतो, कारण नियम बनवायलाच मजा येते. त्यातही स्किल्सचे, म्हणजे पात्राच्या अंगच्या कौशल्यांचे नियम बनवताना तर भान राहत नाही.

विरारचा आमचा गट जमतो रविवारी दुपारी, ज्याच्या घरी जागा असेल त्याच्याकडे. ड्रॅगन आणि बुटके पुरे झाले म्हणून १७३९ चा वसईचा वेढा खेळायला घेतला. बाहेर चिमाजी अप्पांची फौज, आत पोर्तुगीज, आणि खेळाडू म्हणजे किल्ल्यात शिरू पाहणारे मराठ्यांचे हेर. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत १८ कौशल्ये आहेत. त्यांत वल्हवणे नाही, सुरुंग लावणे नाही. (होड्यांचे प्रावीण्य पुस्तकात वेगळ्या पानावर आहे, पण तिथवर जातो कोण?) मग प्रत्येकाने सुचवले आणि यादी वाढत गेली : वल्हवणे, पोहणे, भरती-ओहोटी ओळखणे, चिखलातून चालणे, दोर टाकून चढणे, सुरुंग खणणे, दारू ठासणे, पोर्तुगीज बोलणे, वाडवळी बोलणे. कागदावर ती फार देखणी दिसत होती.

पाचूबंदरच्या मित्राने कोळ्याचे पात्र घेतले होते. त्याने गुण वाटले पोहण्यावर आणि भरती-ओहोटीवर. वल्हवणे राहून गेले. खाडी ओलांडायची वेळ आली, तेव्हा खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे डीएमने, कागद पाहून सांगितले की तुला वल्हवणे येत नाही, दोनदा फासा टाक आणि कमी पडेल तो धर. मित्र म्हणाला, "कोळ्याच्या पोराला होडी हाकायला मार्क लागतात होय रे?" सगळे हसले. पण त्या दिवशी होडी पलीकडे गेलीच नाही. पुढच्या रविवारी चिखलातून चालणे आडवे आले.

हे दुखणे या खेळाइतकेच जुने आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ चा. त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू होते, चोर नव्हता. १९७५ च्या ग्रेहॉक या पुरवणीत चोर आला आणि त्याच्यासोबत कुलूप उघडणे, आवाज न करता चालणे, सावलीत लपणे यांचे टक्के आले. लगेच प्रश्न उभा राहिला : मग योद्ध्याला लपता येत नाही का? आदल्या वर्षापर्यंत कुणीही लपत होते. एखादे काम कौशल्य म्हणून यादीत गेले, की ज्याच्या कागदावर ते नाही त्याच्यासाठी ते बंद होते. नवे कौशल्य लिहिताना ते कुणाला मिळणार यापेक्षा कुणाकडून जाणार, हे आधी बघावे. आमच्या यादीने मराठी हेरांना खाडीकाठी जन्म घेऊनही पांगळे केले होते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. २० बाजूंचा फासा, मध्यम अवघड कामाला १५ हवेत. पहिल्या पातळीवर प्रशिक्षित माणसाला फाशावर २ मिळतात. बाकी गुणांची भर शून्य धरली, तर न शिकलेला १०० पैकी ३० वेळा जिंकतो आणि शिकलेला ४० वेळा. म्हणजे जन्मभर होडीत बसलेला कोळी आणि घाटावरून कालच आलेला कारकून यांत फरक फक्त १० टक्क्यांचा. यावर बहुतेक जण ते २ वाढवून ५ करतात. करू नका. पुढच्या पातळ्यांवर तो आकडा असा फुगतो की अपयश उरतच नाही. आम्ही उपाय वेगळा केला : ज्याचा धंदाच तो आहे, त्याने सरळ दिवशी फासा टाकायचाच नाही. कोळी होडी नेतो, विषय संपला. वादळ असेल, वरून गोळ्या येत असतील, तर फासा.

सुरुंगाच्या बाबतीत तर हिशेब डोळ्यांत भरतो. प्रत्यक्ष वेढ्यात सॅन सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून तट फोडला गेला, तेव्हा आमच्या खेळातही तो प्रसंग हवाच होता. आमच्या नियमात खणणे, दारू ठासणे, वात लावणे, वेळेत बाहेर पडणे, असे चार फासे होते. प्रत्येक वेळी यशाची शक्यता ७० टक्के, ऐकायला भरपूर. चारही जमण्याची शक्यता मात्र २४ टक्केच. डीएमला वाटते आपण उत्कंठा वाढवतो आहोत. खरे तर तो प्रत्येक पायरीवर पराभवाला नवी संधी देत असतो. चोरपावलांनी जाण्याचेही तेच. पाच जण, प्रत्येकी ७० टक्के, आणि एक चुकला की पहारेकरी जागा. सगळे सुटण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के. पाचव्या आवृत्तीतच नियम आहे की गटातल्या निम्म्यांना जमले तर गटाला जमले. तो लावला की हीच शक्यता ८४ टक्क्यांवर जाते. छापील नियम आधी वाचावेत, मग घरचे करावेत.

याच्या उलट टोकाला एक लाडका नियम आहे : फाशावर २० पडले की काहीही जमले. लढाईत तो पुस्तकातच आहे, कौशल्यांना लोक घरी लावतात. आमच्याकडे किल्ल्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याकडून गोड बोलून किल्ल्या मागण्याचा प्रयत्न झाला. एकाने मागितल्या, नाही मिळाल्या, दुसऱ्याने मागितल्या. पाच जणांनी ओळीने फासा टाकला तर एकाला तरी २० पडण्याची शक्यता २३ टक्क्यांच्या आसपास असते. असा सौदा कुणीही रोज करील. तेव्हा एका कामाला गटाचा एकच फासा, बाकीच्यांनी हवी तर मदत करावी. आणि अशक्य कामाला फासाच देऊ नये.

वापरले की वाढते, हा रूनक्वेस्ट या खेळाचा १९७८ चा नियम मला मनापासून आवडतो. यश मिळाले की कौशल्यापुढे खूण करायची आणि नंतर ते वाढते का ते पाहायचे. पण उसना आणताना सांभाळा. आमच्यातल्या एकाने केवळ खुणेसाठी दिसेल त्या भिंतीवर चढायला सुरुवात केली. एका बैठकीत एकाच कौशल्याला खूण, एवढी अट घातल्यावर तो खाली उतरला.

भाषांना टक्के देऊ नयेत. पोर्तुगीज येते किंवा येत नाही किंवा बाजारापुरती येते, इतके पुरते. पहारेकऱ्याशी बोलणे फाशावर अडले, तर ऐकायला मिळाली असती ती गंमत हातची जाते. सुगाव्यांचेही तसेच. ज्या चिठ्ठीवर पुढची कथा उभी आहे ती शोधायला फासा लावलात आणि पडले ३, तर उरलेली दुपार वेफर्स खाण्यात जाते. चिठ्ठी द्या, ती वाचताना कुणी पाहिले का, यावर फासा टाका.

फासा कधी, याचे उत्तर आम्हाला यातूनच सापडले. अपयश आले तर काय होईल, हे डीएमने फासा पडायच्या आत मोठ्याने सांगायचे. "नाही जमले तर सुरुंग उडेल, पण उशिरा, तुम्ही तटाजवळ असताना," असे म्हणता येत असेल तर फासा टाकावा. "नाही जमले तर नाही जमले" एवढेच सुचत असेल, तर काम झाले असे समजून पुढे जावे.

नवा नियम आणायचाच असेल, तर तो तीन-चार बैठकांपुरता आणा आणि तारीख घालून वहीत लिहा, म्हणजे मागे घेताना कुणाचा मान जात नाही. ज्याचे पात्र त्या नियमाने अडते त्याला आधी विचारा. पुढच्या बैठकीला सगळ्यांचे कागद टेबलावर ठेवा आणि गेल्या महिन्यात ज्या कौशल्यावर एकदाही फासा पडला नाही, त्यावर पेन्सिलने रेघ मारा. कुणी हरकत घेतली तर ते कौशल्य राहू द्या. कुणी घेतली नाही तर खोडून टाका.