शाळेतील ससे : गाभण मादीची निगा व पिंजऱ्यातील कलह

निसर्गाभ्यासासाठी शाळेत ससे पाळावयाचे ठरले म्हणजे बहुधा एकच पिंजरा तयार केला जातो व त्यात दोन-तीन ससे एकत्र सोडले जातात. लहानपणी ते अंगाला अंग लावून निजतात, म्हणून ही व्यवस्था सोयीची वाटते. परंतु ससे चार-पाच महिन्यांचे होऊन वयात आले की ही सोबत टिकत नाही. दोन नर एकमेकांस चावून घायाळ करतात. दोन माद्याही जागेवरून भांडतात. नर व मादी एकत्र असल्यास कलह दिसत नाही खरा, पण महिन्याभराने पिल्ले होतात आणि ती तुडविली जाऊन मुलांच्या डोळ्यांदेखत मरण्याचा संभव असतो. ज्या शाळेस दुसरा पिंजरा करणे शक्य नाही, तिने एकाहून अधिक ससे पाळू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाईम्हशींप्रमाणे सशाच्या मादीस माजाचे ठराविक दिवस नसतात. नराशी संग झाल्यावर सुमारे १० तासांनी तिच्या अंडाशयातून बीज सुटते व तेथून ३० ते ३२ दिवसांनी ती विते. म्हणून संगाची तारीख वर्गाच्या वहीत मुलांकडूनच लिहून घ्यावी. एक चमत्कारिक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. दोन माद्या एकत्र असताना एक दुसरीच्या अंगावर चढली, तरी तेवढ्यानेही बीज सुटते व मादीला खोटा गर्भ राहतो. अशी मादी १६ ते १८ दिवसांनी केस उपटून घरटे करू लागते, पण पिल्ले होत नाहीत. मुले बुचकळ्यात पडतात. तेव्हा हे कारण त्यांस समजावून द्यावे.

मादी गाभण असल्याचे कळताच नराला दुसऱ्या पिंजऱ्यात हलवावे. मादीला तिच्या परिचित जागेवरून उठवू नये. ही दक्षता विण्यापूर्वीच घेणे अगत्याचे आहे, कारण व्याल्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते आणि मग दूध पाजणे व नवा गर्भ पोसणे असा दुहेरी भार तिच्यावर पडतो. दोन पिंजरे जाळीला जाळी भिडवून ठेवू नयेत, जाळीतूनही चावे घेतले जातात.

अठ्ठाविसाव्या दिवशी पिंजऱ्यात लाकडी खोके ठेवावे. सुमारे ४५ सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद असे साधे खोके पुरते. एका बाजूचा काठ वीतभरच उंच राखावा, म्हणजे मादीला आत-बाहेर करता येते व पिल्ले बाहेर पडत नाहीत. आत कोरडे, मऊ गवत भरावे. मादी आपल्या छातीचे केस उपटून त्यावर पसरते, ते मुलांना काढू देऊ नये. दुभत्याच्या कपाटाखाली ठेवतात तशा पाण्याच्या वाट्या पिंजऱ्याच्या पायांखाली ठेवाव्यात. उघड्या अंगाच्या पिल्लांना मुंग्या लागल्यास ती वाचत नाहीत. स्वच्छ पाणी रात्रंदिवस असावे. तहानेने व भीतीने त्रस्त झालेली मादी स्वतःची पिल्ले खाते.

पिल्ले केसरहित व आंधळी जन्मतात, डोळे सुमारे दहाव्या दिवशी उघडतात. आई दिवसातून बहुधा एकदाच, तेही तीन-चार मिनिटेच पाजते व एरवी दूर बसते. तिने पिल्ले टाकली असे समजून त्यांना गाईचे दूध चमच्याने पाजण्याचा मोह मुलांना होतो. तो आवरावा. शिक्षकाने दिवसातून एकदा हाताला खोक्यातील गवत चोळून पाहणी करावी व मेलेले पिल्लू काढून टाकावे. पोटे गोल व तट्ट असतील तर दूध मिळत आहे. मांजरीप्रमाणे ही आई पिल्लू तोंडात धरून परत आणीत नाही. म्हणून बाहेर पडलेले पिल्लू हातात ऊब देऊन आपणच आत ठेवावे. एखादे दगावल्यास ते मुलांपासून लपवू नये, कारण शोधावयास सांगावे.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत वेत येणार नाही, अशा बेताने तारीख धरावी. सशाला ३० अंशांपुढील उष्णता सोसत नाही. चैत्र-वैशाखात पिंजऱ्यावर ओले गोणपाट टाकूनही त्याचे हाल होतात, मग गाभण मादीची गोष्टच नको.

पाच-सहा आठवड्यांनी पिल्ले आईपासून तोडावीत व तिसरा महिना संपण्यापूर्वी नर-माद्या वेगळ्या कराव्यात. लहानपणी नर-मादी ओळखणे कठीण असते. शंका असल्यास पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी.

शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू कोणी शाळेत आणले, तर ते या पिंजऱ्यात सोडू नये. रानससा हा पाळीव सशाहून वेगळा प्राणी आहे. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन व डोळे उघडे ठेवूनच जन्मतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याची आईही दिवसा पिल्लापासून दूर राहते. म्हणून ज्या मुलाने ते आणले, त्यालाच सोबत घेऊन ते सापडल्या जागी सायंकाळपूर्वी परत ठेवावे.