मेंढीच्या कपाळातील अळ्या : निदान आधी, शस्त्र नंतर

मेंढी कळपापासून बाजूला पडून एकाच दिशेने गरगर फिरू लागली, की तिच्या मेंदूत गाठ झाली असे समजून तिची आशा सोडली जाते. अनेकदा हे अनुमान बरोबरही असते. तथापि, मेंढीच्या नाकमाशीच्या अळ्यांमुळेही क्वचित अशीच लक्षणे उद्भवतात. दोन्ही विकारांची कारणे व उपचार भिन्न असल्याने त्यांतील भेद ओळखणे महत्त्वाचे ठरते.

कीटकाचा जीवनक्रम

ओस्ट्रस ओव्हिस या शास्त्रीय नावाने लिनीयसने १७५८ मध्ये वर्णन केलेली ही करडी माशी सुमारे १० ते १२ मिलीमीटर लांब असते. प्रौढ माशीचे मुखावयव अविकसित असल्याने ती अन्न घेत नाही. ती अंडी न घालता उडता उडता मेंढीच्या नाकपुडीशी थेट जिवंत अळ्या सोडते. सुमारे १ मिलीमीटर लांबीच्या या अळ्या नाकातून वर सरकत कपाळाच्या हाडांतील हवेच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, पोहोचतात. तेथे त्या २ ते ३ सेंटीमीटरपर्यंत वाढतात. पूर्ण वाढलेल्या अळीच्या पाठीवर गडद आडवे पट्टे दिसतात. ती शिंकेवाटे बाहेर पडते व मातीत कोषावस्थेत जाते. प्रतिकूल ऋतूत लहान अळ्या नाकातच कित्येक महिने सुप्त राहू शकतात. म्हणून माशी दिसत नाही, तेव्हाही कळप बाधित असू शकतो.

विकार कसा निर्माण होतो?

अळ्यांच्या मुखातील आकड्यांमुळे व अंगावरील काट्यांमुळे श्लेष्मल त्वचेचा दाह होऊन प्रथम पातळ, नंतर घट्ट व पूमिश्रित स्राव वाहू लागतो. सायनसमध्ये वाढलेली एखादी अळी अरुंद मार्गातून बाहेर पडू न शकल्यास तेथेच मरते आणि जंतुसंसर्गास कारण ठरते. क्वचित हाड झिजून इजा मेंदूपर्यंत पोहोचते.

निदान

माशीच्या हंगामात मेंढ्या नाक जमिनीला किंवा एकमेकींच्या लोकरीत दडवतात, पाय आपटतात व चरणे सोडतात. वारंवार शिंका, नाकातील स्राव आणि शिंकेतून पडलेली अळी ही नाकमाशीच्या बाधेची चिन्हे होत. याउलट, खऱ्या गिड रोगात कुत्र्याच्या टेनिया मल्टिसेप्स या पट्टकृमीची पाण्याने भरलेली पिशवी मेंदूत वाढते. त्यात दृष्टिदोष व डोके एका बाजूस कलणे ही लक्षणे दिसतात, काही मेंढ्यांत कवटीचे हाड मऊ लागते. नाकातील स्राव हे त्याचे लक्षण नव्हे. मात्र एकाच मेंढीत दोन्ही विकार असू शकतात. एकाच नाकपुडीतून स्राव व चेहऱ्यावर सूज असल्यास वरच्या दाढेच्या मुळाचा संसर्ग किंवा नाकातील अर्बुद यांचाही विचार करावा. आवश्यकतेनुसार क्ष-किरण तपासणी किंवा दुर्बिणीद्वारे पाहणी करता येते.

उपचार

नाकमाशीच्या बहुतांश बाधेत शस्त्राची गरज नसते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिन प्रतिकिलो वजनास ०.२ मिलीग्रॅम या मात्रेत त्वचेखाली दिल्यास अळ्यांच्या सर्व अवस्था नष्ट होतात. क्लोसँटेलही उपयुक्त आहे; परंतु अधिक मात्रेमुळे अंधत्व येऊ शकते, म्हणून वजनाचा अंदाज न करता ते मोजावे. औषधानंतर दूध व मांस किती दिवस वर्ज्य आहे, हे वेष्टनावर पाहावे.

मृत अळ्या व घट्ट पू सायनसमध्ये साचून औषधांनी निचरा होत नसेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. पशुशल्यचिकित्सक जागा बधिर करून कपाळाच्या हाडास गोल छिद्र पाडतात, अळ्या व पू काढून निर्जंतुक सलाइनने पोकळी धुतात. धुताना मेंढीचे डोके खाली ठेवतात, जेणेकरून द्रव श्वासनलिकेत जात नाही. सायनसमागेच मेंदूची पोकळी असल्याने हे काम अननुभवी हाताने करू नये. जखम भरेपर्यंत ती झाकावी. अन्यथा इतर माश्या तेथे अंडी घालून नवी व्याधी निर्माण करतात. गिडमध्येही कवटी उघडून पिशवी काढली जाते; मात्र तेथे पिशवीचे स्थान अचूक ठरवणे हीच यशाची पहिली अट असते.

प्रतिबंध व दक्षता

एकत्र चरणाऱ्या सर्व मेंढ्या-शेळ्यांवर एकाच वेळी उपचार करावेत, अन्यथा उरलेल्या अळ्यांपासून पुढील पिढी तयार होते. शिंकेतून पडलेली अळी तत्काळ नष्ट करावी. गिड टाळण्यासाठी कळपातील कुत्र्यांना नियमित जंतनाशक द्यावे आणि मेलेल्या मेंढीचे डोके त्यांना खाऊ घालू नये.

ही माशी क्वचित मेंढपाळाच्या डोळ्यातही अळ्या सोडते. डोळ्यात अचानक काही आदळून खुपू लागल्यास डोळा न चोळता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. या सूक्ष्म अळ्या चिमट्याने काढता येतात.

गरगर फिरणाऱ्या मेंढीचे भवितव्य बहुधा पहिल्या तपासणीतच ठरते. म्हणून सुरी किंवा औषध हाती घेण्यापूर्वी तिचे नाक पाहावे.