खातो उन्हाळा, नाव हिवाळ्याचं

भाचीबाई, चंद्रपूरला बदली झाली आणि जुनी का होईना, स्वतःची गाडी दारात आली, फार बरं वाटलं. टायरचं विचारलंस, विम्याचं विचारलंस, सीट कव्हरचा रंगसुद्धा विचारलास. बॅटरीचं काही विचारलं नाहीस. म्हणून न विचारताच सांगतो, मामाला तेवढा हक्क आहे.

1. बॅटरीची काळजी डिसेंबरात नव्हे, मार्चातच सुरू कर — तिकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बॉनेटखाली तर आणखी जास्त. त्या उष्णतेने आतलं पाणी उडतं, शिशाच्या पट्ट्या गंजतात. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि उन्हात खंगलेली बॅटरी नेमकी तेव्हा हात टेकते. मग लोक थंडीला बोल लावतात. खातो उन्हाळा, नाव हिवाळ्याचं.

2. गाडी सावलीत लाव, चार पावलं जास्त चालावं लागलं तरी — सतत दहा अंश जास्त गरमीत राहिलेल्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

3. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालव — क्वार्टरपासून ऑफिसपर्यंतच्या पाच मिनिटांत सेल्फने खाल्लेलंही पुरतं भरून निघत नाही, त्यात तुझा एसी आणि गाणी. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो, आणि तो एकदा कडक झाला की चार्जिंगनेही सुटत नाही. जवळची धाव, बॅटरी अर्धपोटी.

4. रविवारी पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन घरघरवून बंद करू नकोस — पेट्रोल जळतं, बॅटरीच्या पदरात फारसं काही पडत नाही.

5. सेल्फ मारण्याआधी एसी आणि हेडलाइट बंद असू देत, आणि एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नकोस. गाडी लागली नाही तर जरा थांब — बॅटरीला सावरायला वेळ मिळतो आणि सेल्फची मोटर तापत नाही.

6. महिनाभर गावी येणार असशील तर डॅशकॅमची वायर काढून ठेव, डिकीचा दिवा विझतो का बघ — गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म थोडं थोडं खातच असतात. साध्या गाडीत बॅटरीची काळी (मायनस) वायर सोडून ठेवलीस तरी चालेल.

7. काही शे रुपयांचा मल्टिमीटर घे आणि महिन्यातून एकदा सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, टर्मिनलला लाव — 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्ध्यावर आलेली. मग इंजिन सुरू करून पुन्हा बघ: साध्या गाडीत 13.8 ते 14.5 च्या आसपास दिसायला हवं. तिथेही बाराच दिसत असतील तर दोष बहुधा अल्टरनेटरच्या बाजूला आहे, आणि नवी बॅटरी घातलीस तर तीही उतरेल. एवढ्या एका तपासणीने किती घरांचे पैसे वाचतील!

8. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घास, कोरडं करून क्लॅम्प घट्ट आवळ आणि वर व्हॅसलिनचा हात फिरव — त्या थरातून करंट नीट जात नाही. बॅटरीच्या झाकणाच्या भोकांत मात्र ते पाणी जाऊ देऊ नकोस. पुष्कळदा गाडी नुसतं टक-टक करते, आणि ‘बॅटरी गेली’ म्हणतात तो प्रकार फक्त सैल टर्मिनलचा असतो. सैल टर्मिनल, टोइंगचं बिल.

9. पाणी भरायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, आणि खुणेपर्यंतच — बोअरच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खराब करतात. ॲसिड वरून कधीच घालायचं नाही. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

आता पुढचं, दहा ते बारा, नीट वाच. हे हातापायाचं आहे, पैशाचं नाही.

10. सोडताना काळी आधी, जोडताना काळी शेवटी — काळी वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. ती जागेवर असताना लाल सोडायला गेलीस आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. बांगडी, अंगठी आधी काढून ठेव. सोनं त्या करंटने क्षणात लाल होतं.

11. बॅटरी बघायला काडी किंवा लायटर पेटवू नकोस, मोबाइलचा टॉर्च आहे — चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने भडका उडतो.

12. जंपर केबल डिकीत ठेव आणि हा क्रम पाठ कर: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं दुसरं टोक तुझ्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब — शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ नको. काढताना उलट क्रम.

13. नवी घेताना जुनीवरचा नंबर बघ, समजा 38B20L — 20 म्हणजे साधारण 20 सेंटिमीटर लांबी, आणि शेवटचं अक्षर टर्मिनलची बाजू सांगतं. बाजू चुकली तर वायर पोचत नाही, मग दुकानदार ओढाताण करतो. तुझ्यासारख्या छोट्या पेट्रोल गाडीला साधारण 35 अँपिअर-अवर पुरते, डिझेलला बरीच जास्त लागते. सिग्नलवर आपोआप बंद होणारी गाडी पुढे कधी घेतलीस तर तिला साधी नको, ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच.

14. पैसे देण्याआधी बॅटरी कधी तयार झाली तो महिना विचार आणि तिथेच व्होल्ट बघून घे — फळीवर पडून असलेली बॅटरीही उतरत असते. वॉरंटीत किती महिने फुकट बदलून मिळते आणि किती महिने नुसती सूट, हे वेगवेगळं विचार. कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नकोस.

15. जुनी बॅटरी त्याच दुकानात परत दे आणि बिलात तिची वजावट मागून घे — 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं. दारावरचा भंगारवाला शंभर रुपये जास्त देईल, तरी नको. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीचं ॲसिड मातीत जातं, आणि शिशाची धूळ तिथे खेळणाऱ्या लेकरांच्या अंगात.